हातांना काम, मनाला विसावा

संकटे दोन प्रकारची असतात. एका प्रकारात माणसाला धावावे लागते. गोदामात पाणी शिरले, घरात कोणी पाय घसरून पडले, तर विचार करायला सवडच नसते. हातपाय आपोआप हलू लागतात. दुसऱ्या प्रकारात मात्र करण्यासारखे काहीच उरत नाही, केवळ वाट पाहावी लागते. तपासणीला पाठवलेल्या गाठीचा अहवाल आठ दिवसांनी यायचा असतो. मोठी रक्कम अडकलेली असते आणि समोरचा व्यापारी फोन उचलत नाही. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर बाकावर रात्र काढायची असते. पहिले संकट शरीराला थकवते, दुसरे मनाला आतून पोखरते.

व्यापारी कुटुंबांना ही दुसऱ्या प्रकारची वेळ अपरिचित नाही. बाजार पडतो, भागीदारी तुटते, उधारी बुडते. पेढीवर बसणारा पुरुष निदान चार ठिकाणी बोलणी करतो, खतावणी पुन्हा तपासतो, सल्लागाराकडे जाऊन येतो. घरातील स्त्रीला तेवढाही आधार नसतो. ‘तू काळजी करू नकोस’ एवढे सांगून विषय मिटवला जातो. परंतु जेवताना पसरलेली शांतता आणि मध्यरात्री दिव्याखाली उघडलेली वही तिला सर्व काही सांगून जाते. चिंता तिच्यापर्यंत पोहोचते, काम मात्र पोहोचत नाही.

अशा वेळी मनाला ‘शांत हो’ अशी आज्ञा करून ते शांत होत नाही. हातांना मात्र आज्ञा देता येते. हात एका ठरावीक कामात रमले की मनही हळूहळू त्यांच्या मागे येते. आपल्या आजी-पणजींना हे ठाऊक होते. दुपारच्या वेळी ओसरीवर किंवा खिडकीशी लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन बसलेली स्त्री हे एकेकाळी मराठी घरांतील नेहमीचे दृश्य होते. मुलींच्या शाळेत विणकाम शिकवले जाई, स्त्रियांच्या मासिकांत स्वेटरचे नमुने छापून येत. नाशिक-महाबळेश्वरची थंडी सोडली तर महाराष्ट्रात लोकरीच्या कपड्यांची गरज ती किती? तरीही घरोघरी विणले जात होते, कारण त्या विणण्यातून कपड्याखेरीज आणखीही काही मिळत होते.

दोन सुया आणि एक धागा

विणकामाची कृती वरकरणी अगदी साधी आहे. डाव्या सुईवरील टाक्यात उजवी सुई घालायची, धागा फिरवून घ्यायचा, नवा टाका ओढायचा आणि जुना सोडून द्यायचा. सुलट आणि उलट असे मूळ टाके दोनच. त्यांच्याच मांडणीतून पट्ट्या, चौकटी आणि वेण्या तयार होतात. साध्या स्वेटरमध्येही असे हजारो टाके असतात आणि प्रत्येक टाक्याला हाताची तीच हालचाल पुन्हा करावी लागते.

या पुनरावृत्तीतच विश्रांतीचे रहस्य आहे. काम फार अवघड असेल तर थकलेले मन त्याला कंटाळते. काम अजिबात लक्ष मागणारे नसेल, तर मन पुन्हा त्याच चिंतेकडे वळते. दूरदर्शनसमोर बसून तीन तास गेले तरी पडद्यावर काय चालले होते ते आठवत नाही, याचे कारण हेच. विणकाम या दोहोंच्या मध्ये बसते. टाके मोजण्यात आणि ओळ सांभाळण्यात मनाचा एक भाग गुंतलेला राहतो. ‘असे झाले तर? तसे झाले तर?’ ही साखळी प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी थोडी तुटते, कारण तेथे सुया बदलायच्या असतात.

दुसरा लाभ प्रत्यक्ष प्रगतीचा. चिंतेच्या दिवसांत सर्वांत मोठे दुःख असते ते दिवस वाया गेल्याचे. सकाळपासून रात्रीपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो आणि हाती काहीच येत नाही. विणणाऱ्या व्यक्तीला मात्र रात्री सुया ठेवताना दिसते की आज चार बोटे विणून झाले. रोजमेळाची बाकी जुळल्यावर व्यापाऱ्याला जे समाधान मिळते, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. रक्कम लहान असो वा मोठी, आजचा दिवस नोंदला गेला एवढे पुरते.

तिसरी गोष्ट सोयीची. हे काम पिशवीत मावते, आवाज करीत नाही, आणि नाव पुकारले जाताच अर्ध्या ओळीत बाजूला ठेवता येते. रुग्णालयाच्या बाकावर, आगगाडीच्या डब्यात, लहान मुलाच्या उशाशी, कोठेही ते चालते. हाती भ्रमणध्वनी असला की दर मिनिटाला नवी बातमी, नवा संदेश आणि नवी धास्ती येते. हाती सुया असल्या की तेवढा वेळ तरी तो बाजूला पडून राहतो.

आणखी एक गोष्ट जाणत्या स्त्रियांच्या लक्षात आलेली असते. दोघी शेजारी बसून विणत असल्या की जड विषयही बोलले जातात. नजर टाक्यांवर असते, एकमेकींच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, मध्ये शांतता पसरली तरी ती अवघड वाटत नाही. सासू आणि सून, नणंद आणि भावजय यांच्यात समोरासमोर बसून जे कधी बोलले जात नाही, ते अशा वेळी सहज ओठांवर येते.

अभ्यासकांचे म्हणणे

हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांचे ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. एखादा शब्द, प्रार्थना किंवा शरीराची एखादी हालचाल शांतपणे पुन्हा पुन्हा केली असता श्वास आणि हृदयाचे ठोके संथ होतात, ताणाच्या वेळी शरीरात जे घडते त्याच्या नेमके उलट घडू लागते, असे त्यांनी मांडले. माळेचे मणी ओढणाऱ्या बोटांना हा अनुभव जुनाच आहे. विणकामाची लयही याच जातीची.

ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट बेट्सन कॉर्खिल यांनी विणकामाच्या आरोग्यदायी उपयोगाचा प्रसार करण्यासाठी २००५ मध्ये ‘स्टिचलिंक्स’ ही संस्था सुरू केली. पुढे जिल रायली आणि क्लेअर मॉरिस यांच्यासह त्यांनी अनेक देशांतील ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जे अधिक वेळा विणतात, त्यांनी विणल्यानंतर अधिक शांत आणि प्रसन्न वाटत असल्याचे नोंदवले. ही सर्व मंडळी मुळातच विणकामाची आवड असलेली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून त्यातून विणकाम हे औषध असल्याचे सिद्ध होत नाही. परंतु एवढ्या लोकांचा अनुभव एकाच दिशेने जातो, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

२००९ मध्ये कॅनडातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्नाविषयी आणि वजनाविषयी तीव्र भीती असणाऱ्या, रुग्णालयात दाखल झालेल्या ३८ स्त्रियांना विणकाम शिकवण्यात आले होते. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांनी विणताना भीतीची तीव्रता कमी झाल्याचे सांगितले. भीती नाहीशी झाली असा याचा अर्थ नाही. ती सहन करण्याजोगी झाली, एवढेच. संकटात सापडलेल्या माणसाला बहुधा तेवढेच हवे असते.

युद्धाच्या काळातील सुया

संपूर्ण समाज चिंतेत असतो तेव्हा काय होते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतील स्त्रियांनी सैनिकांसाठी अगणित पायमोजे आणि गळपट्टे विणले. रणभूमीवरील भयंकर अनुभवांनी खचून परतलेल्या सैनिकांना रुग्णालयांत हस्तकामे दिली जात, त्यांत विणकामही असे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाने २४ नोव्हेंबर १९४१ च्या अंकात मुखपृष्ठावरच विणकामाला स्थान दिले. आपण घरी बसून काय करू शकतो, हा त्या वेळी लाखो लोकांपुढे उभा असलेला प्रश्न होता आणि सुया हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर होते.

आपल्या देशाने हा अनुभव १९६२ मध्ये घेतला. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण सुरू झाले. मैदानी प्रदेशातून हिमालयावर पाठवलेल्या अनेक जवानांपाशी तेथील थंडीला पुरतील असे कपडेही नव्हते. ही वार्ता पसरताच देशभर स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. कोणी स्वेटर विणले, कोणी कानटोप्या, कोणी हातमोजे. संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने काढून देणाऱ्या हातांनीच लोकर विणली. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा महाराष्ट्रातील घरोघरी आकाशवाणीच्या बातम्या कान देऊन ऐकल्या जात होत्या. त्या बातम्या चांगल्या नव्हत्या. आघाडीवरचे काही बदलणे गृहिणींच्या हाती नव्हते. एका अनोळखी जवानाच्या छातीला ऊब देणे मात्र हाती होते. त्या ऊबेचा काही भाग विणणाऱ्यांनाही मिळाला असेल.

हे केवळ स्त्रियांचे काम नव्हे

विणकाम म्हणजे बायकांचे काम, ही समजूत पुष्कळ घरांत घट्ट बसलेली आहे. पेरू देशातील तितिकाका सरोवरात तकिले नावाचे बेट आहे. तेथे टोप्या विणण्याचे काम पुरुषच करतात आणि मुलगे लहानपणीच ते शिकतात. तेथील वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले.

अगदी अलीकडचे उदाहरण ब्रिटनचा जलतरण-क्रीडापटू टॉम डेली याचे. उंच मंचावरून पाण्यात सूर मारणे हा त्याचा खेळ. वयाच्या चौदाव्या वर्षी तो पहिल्या ऑलिंपिकला गेला. २०११ मध्ये मेंदूतील गाठीच्या आजाराने त्याचे वडील गेले. २०१२ आणि २०१६ मध्ये कांस्यपदके मिळाली, सुवर्णपदक मात्र हुलकावणी देत राहिले. २०२० च्या टाळेबंदीत सराव थांबला आणि स्वस्थ बसणे ज्याला कधी जमलेच नव्हते, त्या या तरुणाने विणकाम शिकून घेतले. पुढच्या वर्षी टोकियोत मॅटी ली याच्या साथीने त्याने अखेर सुवर्णपदक जिंकले. काही दिवसांनी प्रेक्षकांत बसून शांतपणे विणत असलेल्या डेलीचे छायाचित्र जगभर पोहोचले. पदकावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने त्यासाठी एक छोटी पिशवीही विणली होती. स्पर्धेच्या ताणात मन ताळ्यावर राहण्यास विणकामाची फार मदत झाली, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

दुकानातून रात्री दहाला परतून पुन्हा आकडेमोडीत बुडणाऱ्या तरुणाने, किंवा निवृत्त होऊन ‘आता करायचे काय’ म्हणून अस्वस्थ झालेल्या वडीलधाऱ्यांनी सुया हाती घेतल्या, तर घरच्यांनी हसू नये. त्यांच्या शेजारी बसावे.

आरंभ कसा करावा

संकट कोसळल्यावर नवी विद्या शिकणे जड जाते. म्हणून बरे दिवस असतानाच हात बसवून घ्यावा. पहिल्याच वेळी स्वेटर हाती घेऊ नये. गळपट्टा पुरेसा आहे. आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घ्यावी. रंग फिका असावा, म्हणजे टाके स्पष्ट दिसतात. तीस-बत्तीस टाके घालून प्रत्येक ओळ सुलट विणत गेल्यास सुमारे वीतभर रुंदीची पट्टी तयार होते. दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकरीत गळपट्टा पूर्ण होतो. आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. दर दोन-चार ओळींनी टाके मोजावेत. संख्या कमी-जास्त झाली असेल तर टाका निसटल्याचे किंवा वाढल्याचे तत्काळ कळते.

कोणता धागा घ्यावा, हा प्रश्न आपल्या घरांत स्वाभाविकपणे येतो. बाजारात ‘लोकर’ या नावाने मिळणाऱ्या धाग्यांपैकी पुष्कळसे मुळात अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम असतात. वेष्टनावर तसा उल्लेख असतो. प्राणिज लोकर नको असेल त्यांना अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धागा घेता येतो. तान्ह्या बाळाच्या अंगाला आणि आपल्या हवेला सुती धागा विशेष मानवतो.

शिकवण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बहुतेक कुटुंबांत एखादी आत्या, मावशी किंवा आजी अशी असतेच, जिच्या बोटांत ही विद्या अजून जिवंत आहे आणि जिला बरेच दिवसांत कोणी काही विचारलेले नाही. तिच्याकडे लोकर घेऊन जावे. शिकणाऱ्याइतकाच लाभ तिलाही होईल.

मर्यादाही ओळखावी

विणकामाने कर्ज फिटत नाही, अहवाल बदलत नाही आणि घरात जे बोलले गेले पाहिजे ते आपोआप बोलले जात नाही. सुयांच्या आड दडून राहणे हा त्याचा दुरुपयोग होय. मन स्थिरावले की वही उघडून प्रश्नाला सामोरे जावे, घरातील स्त्रियांनाही खरी स्थिती सांगावी. झोप उडाली, जेवण सुटले, कशातच रस वाटेनासा झाला आणि दोन आठवडे उलटले तरी हीच अवस्था राहिली, तर डॉक्टरांकडे जाण्यात संकोच करू नये. सलग तासन्‌तास विणल्याने मनगट, मान आणि खांदे दुखतात. दर अर्ध्या तासाने सुया ठेवून हात मोकळे करावेत.

दुसऱ्यासाठी विणताना

स्वतःच्या शांततेसाठी सुरू केलेले हे काम बहुधा दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पूर्ण होते. बाळंतविड्यातील झबली-टोपडी, मोजे आणि दुपटी हे त्याचे आपल्याकडील सर्वांत सुंदर रूप. लेकीचे दिवस भरत आलेले असतात, आईच्या मनात हजार शंका असतात. त्यांतली एकही ती बोलून दाखवत नाही. तिच्या हाताखाली मात्र मुठीएवढी टोपी आकार घेत असते. नवजात बाळाच्या उघड्या डोक्यावाटे बरीच उष्णता निघून जाते, म्हणून ही टोपी शोभेची नसून गरजेची असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर ती फारच आवश्यक. घरात विणणारे हात असतील तर जवळच्या प्रसूतिगृहात विचारून अशा टोप्या देता येतील.

ऑस्ट्रेलियातील फिलिप बेटावर छोट्या जातीचे पेंग्विन राहतात. समुद्रात तेल सांडले की ते त्यांच्या पिसांना चिकटते, आणि चोचीने पिसे साफ करताना पोटात जाते. स्वच्छ करण्याची वेळ येईपर्यंत त्यांना लोकरीचे चिमुकले स्वेटर घातले जातात, म्हणजे चोच तेलापर्यंत पोहोचत नाही. २००१ मधील तेलगळतीत ४३८ पेंग्विन सापडले होते. उपचारांनंतर त्यांतील ९६ टक्के वाचले. हे स्वेटर जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोकांनी विणून पाठवले आहेत. ज्याला कधी पाहिलेही नाही, अशा जिवासाठी विणताना आपल्या दुःखाचा आकार थोडा लहान होत असावा.

विणकामाचा एक गुण व्यापारी माणसाला विशेष पटावा असा आहे. चार ओळींमागे चूक झाल्याचे लक्षात आले तर तेवढे उसवून पुन्हा विणता येते. मोठ्या भावाचा स्वेटर तोकडा झाला की आया तो पूर्ण उसवत, लोकरीच्या लड्या करीत, कोमट पाण्यात धुऊन वजन लावून वाळत घालीत. वाकडातिकडा झालेला धागा त्यामुळे सरळ होई आणि त्याच लोकरीतून धाकट्यासाठी नवा स्वेटर तयार होई. त्यात श्रम पुन्हा पडत, वेळ पुन्हा जाई, परंतु मूळ माल वाया जात नसे. धंद्यात खोट आलेल्या, आजारपणाने खचलेल्या घरालाही कधी असेच उसवून पुन्हा विणावे लागते. त्या घरातील माणसे, त्यांची सचोटी आणि त्यांचे एकमेकांवरील प्रेम शाबूत असेल, तर लोकर शिल्लक आहे असे समजावे आणि पहिला टाका घालावा.